ड्रॉइंगच्या बाई आणि त्यांचं अर्धं पान

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाल्या, "हात दाव."

मला वाटलं, भविष्य बघतात की काय. मी दोन्ही तळवे पुढे केले. बाईंनी ते पालथे केले, मधल्या बोटावर पेन टेकून टेकून पडलेला घट्टा अंगठ्यानं चाचपून पाहिला आणि विचारलं, ड्रॉइंग काढतीस व्हय? मी सांगितलं की आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलाय आणि गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात ड्रॉइंग गिरवायला, ट्रेसर म्हणून लागलेय. "मग राहा," एवढं बोलून त्या आत गेल्या. पाणी किती वाजता येतं, दाराला कडी केव्हा लागते, ही सगळी माहिती मला खालच्या किराणा दुकानदाराकडून घ्यावी लागली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नेसरीहून आलेली, कोल्हापूर म्हणजे माझ्या लेखी मुंबईच. बाई मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. मंगळवार पेठेत त्यांना सगळे 'ड्रॉइंगच्या बाई' म्हणत आणि त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, हे त्यांना विचारण्याची पेठेत कुणाची छाती नव्हती, कारण बाई उलट प्रश्न विचारत आणि तो फार अडचणीचा असे.

त्यांच्या पदराच्या टोकाला, जिथे बाकीच्या बायका किल्ल्या बांधतात, तिथे पेन्सिल बांधलेली असायची. लुनाच्या पुढ्यात दोरीनं आवळलेला ड्रॉइंग बोर्ड. मंडईत एखाद्या भाजीवालीचे हात आवडले की लुना तिथेच स्टँडवर. "तू मेथी निवडत राहा, माझ्याकडं बघू नकोस," असं तिला बजावून बाई उभ्या उभ्या तिची बोटं काढायच्या आणि मग मुरवत म्हणून उरलेली, मान टाकलेली मेथी घरी यायची. आम्ही त्या काळात जेवढी मेथी खाल्ली तेवढी गुरांनीसुद्धा खाल्ली नसेल.

घरात खोडरबर नव्हतं. शाळेतही त्यांनी कधी वापरू दिलं नाही म्हणे. चुकलं तर चुकलेल्या रेघेवरूनच बरोबर रेघ काढायची. कारखान्यात माझं काम ब्लेडनं रेघा खरवडून पुसण्याचं, त्यामुळे आमचं यावरून रोज वाजायचं. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तू यंत्राची चित्रं काढतीस. यंत्राला चूक चालत न्हाय. माणसाला चालती की."

वाचन मात्र दांडगं होतं, आणि पद्धत भलतीच. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान. तिथं कुणी मेलेलं आढळलं की पुस्तक मिटलं. "मरायचं तर पेपरात मरा, तिथं जागा हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एवढ्यावर थांबत्या तर ठीक. पण वाचनालयातून आणलेल्या अशा प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्या पेन्सिलीनं, सुबक अक्षरात लिहायच्या, 'शेवटी नायिका जाते. ज्याला सोसत असेल त्यानं न्यावं.' वर्षभरात अशी चाळीसेक पुस्तकं झाली तेव्हा ग्रंथपाल स्वतः घरी आले. चहा पिता पिता त्यांनी फार नम्रपणे सांगितलं की बाई, लोक आता पुस्तक न वाचताच परत करतात. बाई म्हणाल्या, मग मी चांगलंच केलं की. पुढच्या महिन्यापासून बाईंचं सभासदत्व गेलं, आणि त्या रद्दीच्या दुकानांतून पुस्तकं आणू लागल्या.

त्यांना प्रेमाच्या गोष्टी आवडत. गोड शेवटाच्या. "ज्याला कडू आवडतं त्यानं कारलं खावं," म्हणायच्या. त्यातही चित्रांतून सांगितलेल्या असल्या तर त्यांचा जीव त्यात अडकलाच. आता अशा पुस्तकांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात आणि पुण्यामुंबईच्या दुकानांत त्यांचं वेगळं कपाट असतं. बाई त्यांना चित्राचं पुस्तक म्हणत. माणूस तोंडानं काय बोलतो त्याला अर्थ नाही, हात कुठं आहे ते बघायचं, असा त्यांचा सिद्धांत होता. चित्राच्या पुस्तकात हात दिसतो, म्हणून ते पुस्तक खरं.

एका रविवारी शेंगा फोडत बसलो होतो. बाई सहज, पेरू आवडतो म्हणावं तसं म्हणाल्या, "दोन पोरींची गोष्ट असली की मला लई बरं वाटतंय बघ. दोन पोरांची बी. पर तीनच पुस्तकं मिळाली मला आजवर. एकीनं विहीर जवळ केली, एकीला वेड लागलं, तिसरीचं लगीन लावून दिलं. हे काय शेवट झाले?"

माझ्या हातातली शेंग खाली पडली. असं वाक्य मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. थोड्या दिवसांनी धीर करून विचारलं, बाई, तुमचं स्वतःचं असं कुणी होतं का? बाई जराही चपापल्या नाहीत. "माझं काय न्हवतं. मला वाचायला आवडतं. आवडायला आपलंच असायला पायजे असं कुठं हाय?"

मात्र या आवडीमागे एक सल होता, तो त्यांनी मला एकदाच सांगितला. नोकरीतली शेवटची दोन-तीन वर्षं राहिली असतील. नववीतल्या दोन मुलींची एक वही मुख्याध्यापिकांच्या हाती लागली. वहीत चौकटी आखून दोघींनी गोष्ट काढली होती, त्यांचीच, शेवटी दोघी रंकाळ्यावर भेळ खातात अशी. शिक्षकांची बैठक बसली. वही हातोहात फिरली, कुणी तोंडावर पदर घेतला, कुणी नुसतं च्च च्च केलं. वही बाईंकडे आली तेव्हा त्यांनी लाल पेन काढलं, पाच-सहा ठिकाणी चुकलेली बोटं दुरुस्त केली, खाली दहापैकी नऊ लिहिलं आणि वही पुढे सरकवली. शाळेत हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितला जाई. पण त्यातल्या एका मुलीला घरच्यांनी त्याच आठवड्यात शाळेतून काढलं आणि वर्षाच्या आत कर्नाटकात लग्न करून पाठवलं. हे सांगताना बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "मी बोटं दुरुस्त केली. तोंड उघडलं न्हाय. ते उघडायला पायजे होतं."

आता शैलाबद्दल सांगायला हवं. कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीसाठी मी शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला गेले होते. शैला तिथे नवीन होती. तिला माझी शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा तिचेच डोळे भरून आले आणि रक्त देणारी मी तिची समजूत काढत बसले. त्यानंतर ती दंड कितपत सुजलाय हे बघायला आली, मग पुन्हा आली, आणि मग दर रविवारी येऊ लागली. ती गंगावेशीत भाऊ-वहिनीकडे राहायची. बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघींकडे एकदा पाहिलं आणि न विचारता तीन कप चहा टाकला. तेवढ्यात त्यांना सगळं समजलं होतं.

मला शैलाबरोबर राहायचं होतं. तिलाही. आणि नेसरीला माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. माझं वय सव्वीस, धाकटी बहीण मागे रांगेत उभी. मी घरी शैलाचं नाव काढत नव्हते आणि शैलाजवळ स्थळांचं. दोन्हीकडे गप्प राहिलं की वेळ निघून जाते असा माझा समज होता.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या कारखान्यात जपानी मशिन आलं आणि ते बसवायला तिकडचे दोन इंजिनीयर दोन महिने राहून गेले. जाताना केबिनमध्ये एक कॅलेंडर, चहाचा रिकामा डबा आणि एक जाडसर चित्राचं पुस्तक टाकून गेले. वरचं कव्हर कधीच निघून गेलेलं, आत सगळी अक्षरं जपानी. शिपाई ते रद्दीत घालायला निघाला होता. मी चाळलं, तर पानापानावर दोन मुली. ट्रेसिंगच्या कागदात गुंडाळून मी ते बाईंकडे आणलं.

त्या रविवारी आम्ही तिघी जमिनीवर पुस्तक ठेवून बसलो. बाईंनी नेमाप्रमाणे आधी शेवटचं पान उघडलं. एक स्टेशन. एक मुलगी एका टोकाला उभी, दुसरी तिच्याकडे न बघता निघून चाललेली. बाईंनी पुस्तक मिटलं. पण चित्रं इतकी सुंदर होती की त्यांना राहवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपला नियम मोडला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

सुरुवातीला दोघींचं घर होतं. एक दुसरीच्या केसांना तेल लावतेय, ओट्यावर दोन कप, खिडकीत हे एवढं डेरेदार झाड, दारात लठ्ठ मांजर. मग हळूहळू सगळं उतरणीला लागलं. घर गेलं, दोघी वेगवेगळ्या घरांत राहू लागल्या. पत्रं आली. खिडकीतलं झाड खुरटत गेलं. बाई म्हणाल्या, पाणी घालत न्हाईत आता. लांब केस आखूड झाले. शैला म्हणाली, दुःखात कापले असतील. लठ्ठ मांजर नाहीशी होऊन एक इवलंसं पिल्लू आलं. मी म्हटलं, पहिली मेली असणार, म्हणून दुसरं आणलं. फाटकी छत्री नवी झाली, तर आम्ही ती दुरुस्त करून आणली असं ठरवलं. आणि हात. "हात बघा," बाई म्हणत होत्या, "सुटत चाललेत." आधी गुंफलेले, मग नुसती बोटं, मग एकमेकींपासून वीतभर. शेवटी ते स्टेशन.

मला तर धक्काच बसला होता. जगात कुठेतरी तरी असं नसेल, अशी माझी एक आशा होती. जपान म्हणजे केवढा पुढारलेला देश, तिथेही हेच. शैला चप्पल घालून लवकर निघून गेली.

बाईंनी दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग शीट आणले आणि पुस्तकाच्या मापाचे तुकडे कापले. मला म्हणाल्या, "पुढचं मी काढतो." कोल्हापूरच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, बाईही त्यातल्याच. मी म्हटलं, बाई, दुसऱ्याचं पुस्तक आहे. बाई म्हणाल्या, त्यानं अर्धवट सोडलंय, मी कुठं त्याचं पुसतोय?

मग वर्षभर रोज सकाळी बाई बसत. त्यांच्या पानांवर त्याच दोन मुली होत्या, पण त्या आता थेट कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर भेटत होत्या. तिथून मिसळ खायला जात, तिखट लागून दोघींचे डोळे वाहत. खोली शोधत. घरमालकीण त्यांना हात दाखवायला सांगे. रविवारी शैला आली की बाईंना हातांसाठी नमुने हवे असत. आम्हाला गॅलरीत, भर उन्हात, एकमेकींचा हात धरून बसवत. खालून अख्खी पेठ येजा करायची. मी घाबरून हात सैल सोडला की बाई ओरडायच्या, "पिशवी धरल्यावानी धरू नको, नीट धर." समोरच्या घरातल्या काकू विचारत, काय चाललंय? बाई सांगत, ड्रॉइंग. आणि ते खरंच होतं. मला त्या रविवारांइतकं सुख पुढे-मागे फार थोड्या वेळा मिळालंय. शैलाचा हात कामानं खरखरीत झालेला, साबणाचा वास येणारा, आणि तो धरून बसणं हे त्या घरात काम म्हणून मोजलं जात होतं.

दिवाळीला मी घरी गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा गडहिंग्लजकडचा, शिक्षक, चांगला होता बिचारा. मी चहा नेला, प्रश्नांची उत्तरं दिली. चार दिवसांत सुपारी फुटली. कुणी जबरदस्ती केली नाही. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला एकदा विचारलंसुद्धा, आणि मी मान हलवली. पुस्तक वाचल्यापासून माझ्या मनानं घेतलं होतं की शेवट हाच असतो, मग उगीच लांबवायचं कशाला.

परत आल्यावर शैलाला सांगितलं. म्हटलं, आपण बघितलं ना, तिकडंसुद्धा कुठं जमतंय? शैला म्हणाली, "तू भिलीस म्हण की. पुस्तकाला कशाला मधी आणतीस?" एवढं म्हणून ती गेली आणि पुढचे चार रविवार आली नाही. तिचं म्हणणं खरं होतं. मला मागे फिरायला कारण हवं होतं, ते मला पुस्तकात सापडलं होतं.

बाईंनी मला उपदेश केला नाही. त्यांचं शेवटचं पान चाललं होतं. त्यात दोघी म्हाताऱ्या झालेल्या, शेजारी शेजारी. एकीचा हात काढून झाला होता, तो माझा. दुसरीच्या मनगटापुढे कोरा कागद. रोज सकाळी बाई ते पान काढून बघायच्या आणि परत ठेवायच्या. एकदा मीच सुचवलं की समोरच्या काकूंच्या सुनेचा हात चालेल, ती बसायला तयार आहे. बाई म्हणाल्या, "त्या हातानं तुला कधी धरलंय?"

मग त्या स्वतः लुनावर लॅबमध्ये गेल्या. रांगेत बसून आपला नंबर आल्यावर शैलाला म्हणाल्या, पान अर्धं राहिलंय, चल. शैला म्हणाली, तिला यायला सांगा. बाईंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं, वर एक शब्द घातला नाही. मी गेले नाही. लग्नाची तारीख महिन्यावर आली होती.

शेवटी बाईंनी ठरवलं की पान अर्धं तर अर्धं, पुस्तक बांधून घ्यायचं, नाहीतर पानं सुटी होऊन हरवतील. मलाही बरोबर घेतलं. गल्लीत एक म्हातारे बाइंडर चाचा होते. शाळांची हजेरीपत्रकं बांधायचे आणि मदरशाची उर्दू-अरबी पुस्तकंही. बाईंनी पुस्तक आणि त्यांची पानं पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, ही नवी पानं शेवटाला लावा. चाचांनी पुस्तक उचललं, वळवलं, आणि नवी पानं नेमकी केसांना तेल लावण्याच्या पानाच्या बाजूला लावून धरली.

बाई म्हणाल्या, अहो, तिकडं सुरुवात हाय. शेवट इकडं.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, ही किताब उजवीकडनं सुरू होती. आमच्या किताबांसारखीच. नावाचं पान बघा कुठं हाय, रंगीत पान बघा कुठं हाय." आणि त्यांनी शांतपणे एकेक पान उलटायला सुरुवात केली, उजवीकडून डावीकडे. स्टेशनवर दोन अनोळखी मुली. एक दुसरीकडे न बघता निघून जाते. दुसऱ्या दिवशी बघते. नव्या छत्रीखाली दोघी, मध्ये वीतभर अंतर. दहा मिनिटांनी चाचांनी पुस्तक मिटलं. "भेटल्या, घर मांडलं. बरं झालं. आता सांगा, नवी पानं कुठं लावू?"

बाई कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, चाचांनी पाणी आणून दिलं. झाड वाळलं नव्हतं, वाढत होतं. मांजर मेली नव्हती, पिल्लाची मोठी झाली होती. तीस वर्षं चित्रकला शिकवलेली बाई, इंच इंच मोजून यंत्रं काढणारी मी आणि रक्त तपासणारी शैला, तिघींपैकी एकीलाही मांजर लहान होताना बघून शंका आली नव्हती. असल्या गोष्टीचा शेवट वाईटच असणार, हे आम्ही इतकं घट्ट धरून बसलो होतो.

मला हसू येत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याच वेळी आनंदानं रडू येत होतं. मी चाचांच्या समोर, डिंकाच्या वासात, उभी राहून रडले. बाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "ह्यांचे हात सुटले न्हवतेच."

मी म्हटलं, "बाई, मी अप्पांना फोन करतो."

"कर."

नवी पानं बाईंनी शेवटालाच लावून घेतली. म्हणजे गोष्टीत त्या दोघी घर मांडून झाल्यावर पुन्हा एसटी स्टँडवर पहिल्यांदा भेटतात. मी हे दाखवून दिलं तर बाई म्हणाल्या, दोनदा भेटल्या तर काय बिघडतं?

अप्पा एसटीत कंडक्टर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीनं दुपारी पोचले. गॅलरीत खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली. बाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. जे उरलं ते बोलले, की मला हे लग्न करायचं नाही, कुठलंच करायचं नाही, मला शैलाबरोबर राहायचंय, जन्मभर.

अप्पांनी बाईंकडे पाहिलं. "हे तुम्ही शिकविलासा व्हय?"

"शिकवलं न्हाय," बाई म्हणाल्या. "पर हे चांगलं हाय, असं मी म्हणतो. तुमच्या तोंडावर म्हणतो." त्यांचा आवाज कापत होता. मी तो तसा आधी कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी पुस्तक आणून अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते आपल्या सवयीनं डावीकडून उघडलं. बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, फिरवलं आणि परत दिलं. "असं न्हाय पावणं. इकडनं."

अप्पा अर्धा तास बघत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं की ह्यांचं पोटापाण्याचं काय, आणि बाईंनी सांगितलं की एक शाळेत आहे, दुसरी बेकरीत. मांजरापाशी ते जरा थांबले. बाईंच्या पानांवर आल्यावर एसटी ओळखून म्हणाले, हा बोर्ड चुकलाय, नेसरीची गाडी ह्या फलाटाला लागत नाही. शेवटच्या अर्ध्या पानाकडे बघून पुस्तक मिटलं.

"पावण्यांस्नी मी काय कारण सांगू?"

"पोरगी नको म्हणाली, म्हणून सांगा," मी म्हटलं.

"तेवढं पुरंल व्हय?"

"पुरवायला लागंल, अप्पा."

त्यांनी गार झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला, टोपी घातली. जिन्यात मागे वळून म्हणाले, "तुझी आई बोलणार न्हाई तुझ्यासंगट. मी बी न्हाई बोलणार, काय दिवस." पुढे ते खरोखरच फार दिवस बोलले नाहीत. पण मी त्या वेळी 'काय दिवस' एवढंच धरून ठेवलं. सुपारी मोडली. बहिणीचं लग्न दोन वर्षं लांबलं आणि त्याचा बोल मला अजूनही लागतो, तो लागायलाच हवा.

अप्पा गेल्यावर बाईंनी मला विचारलंही नाही. लुना काढली, बोर्ड पुढ्यात आवळला, मला मागे बसवलं. शाहूपुरीत पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. लॅबमध्ये गर्दी होती. शैला एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होती. मी सगळ्या लोकांदेखत सांगितलं की सुपारी मोडली, अप्पांना सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. शैलानं म्हाताऱ्याची शीर शोधली, या वेळी पहिल्या झटक्यात, रक्त काढलं, कापूस लावला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सहाला सुटतो मी. थांब."

बाहेर येऊन मी बाईंना म्हटलं, तुम्ही जा घरी, साडेतीन तास आहेत. बाईंनी लुना स्टँडवर लावली, लॅबच्या पायरीवर फतकल मारली आणि मांडीवर बोर्ड घेतला.

"अर्धं पान घिऊन मी घरला जात न्हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. लोक आम्हाला ओलांडून आत-बाहेर करत होते. बाई पदराची पेन्सिल सोडून रक्त देऊन येणाऱ्यांचे दुमडलेले हात काढत होत्या. सहाची वाट न बघता, सव्वाचारलाच शैला ॲप्रन काढून बाहेर आली.